भोकं पाडलेली कानटोपी

दक्षिण आफ्रिकेतल्या आमच्या पोर्ट नॉलॉथच्या धक्क्यावर फ्लोर्स कुपिडोला पाठीमागे सगळे 'कान' म्हणत. नुसतं कान. "आज कान आहे का बोटीवर?" "आहे." "मग जा बिनधास्त." तोंडावर मात्र ऊम फ्लोर्स. थोराला ऊम म्हणायचं, एवढी रीत तरी आमच्याकडे अजून शिल्लक आहे.

हे नाव उगाच पडलं नव्हतं. आमचा समुद्र एवढा गार की भर उन्हाळ्यातसुद्धा उघडा हात पाण्यात धरवत नाही, आणि तळाशी एवढा गढूळ की तोच हात डोळ्यांसमोर आणला तरी दिसत नाही. तिथे दोघे दोघे पाणबुडे मांडीएवढा जाड पाइप घेऊन उतरतात आणि मोठमोठ्या धोंड्यांच्या फटींतली खडी ओढून वर बोटीवर पाठवतात. नशीब असेल तर त्या खडीत हिरे असतात, नसेल तर खडीच असते, आणि बहुतेक वेळा खडीच असते. डोळ्यांचा काडीचा उपयोग नाही. हात आणि कान, बस. आणि त्या कानांवर काय, तर जाडजूड रबरी कानटोपी! ती नसेल तर डोकं असं ठणकतं की धट्टाकट्टा माणूस आई आई करतो. असेल तर गोधडीत डोकं खुपसल्यासारखं सगळं दबून ऐकू येतं.

ऐकायचा असतो तो मुख्य म्हणजे हातोडा. बाहेरून मोठी लाट उभी राहताना दिसली की तांडेल पाण्यात सोडलेल्या लोखंडी शिडीवर हातोडा मारतो. ठण् ठण् ठण्. म्हणजे हातात असेल ते टाका आणि वर या, कारण ती लाट पोचली की तळाचे धोंडे लोळायला लागतात. शहरातली माणसं येतात आणि शहाणपणा शिकवतात, "दोरी का नाही ओढत?" अहो, आमची हवेची नळी दिवसभर पाण्याने हिसकत असते. त्यातला कुठला हिसका लाटेचा आणि कुठला तांडेलाचा, हे तुमचा बाप येऊन सांगणार का?

तरुणपणी एकदा फ्लोर्सला हातोडा ऐकूच आला नव्हता. धोंडा पायावर आला, पण दोन बोटांवर निभावलं. बरा झाल्यावर त्याने एका संध्याकाळी चुलीवर जाड खिळा तापवला आणि कानटोपीला दोन्ही कानांच्या जागी वाटाणा जाईल एवढी भोकं पाडली. जळक्या रबराचा वास मटणाच्या रश्श्यात उतरला. हेस्टर, त्याची बायको, पळी घेऊनच धावली. "डोक्यावर पडलायस का रे? चांगली टोपी जाळतोस?"

दुसऱ्या दिवशी त्या भोकांतून गार पाणी आत घुसलं, कानात सुई घातल्यासारखी कळ आली, आणि मग आवाज आला. स्वच्छ आवाज. शिडीची करकर, पाइपमधून धावणारी खडी, वरच्या, खडी ओढणाऱ्या पंपाची धडधडसुद्धा. खडीच्या आवाजावरून पाइपात नुसती वाळू जातेय की भारी दगड जातायत, हेही त्याला कळायला लागलं. वर आल्यावर तो ओल्या रबरी सुटातच डेकवर नाचला.

महिन्याभरात धक्क्यावरचा एकेक पाणबुडा आपली टोपी घेऊन त्याच्या दारात हजर. मग ती रीतच पडली. नवी टोपी घेतली की आधी ऊम फ्लोर्सकडे न्यायची. तो खिळा तापवणार, भोकं पाडणार, टोपी आपल्या हाताने समोरच्याच्या डोक्यावर चढवणार आणि भोकाला तोंड लावून कुजबुजणार, "ऐकतोयस ना रे गाढवा?" समोरचा "हो ऊम" म्हणाला की ब्रँडी उघडायची. त्या भोकांमुळे माणसं वाचली, हेही खरं आहे. खरं ते खरं म्हणायला पाहिजे, पुढे काय झालं ते माहीत असलं तरी.

पुढे काय झालं, तर फ्लोर्सच्या केसांत पांढरं दिसायला लागलं आणि कानात पाणी राहायला लागलं. आधी डाव्या. तो एका पायावर उड्या मारी, कापूस घाली, गरम तेल घाली. मग उजव्याही कानाची तीच गत. रविवारी देवळात सगळे उठले की हा उठे, सगळे बसले की बसे. घरात हेस्टर पाठीमागून हाका मारून मारून थकायची.

"मी काय भिंतीशी बोलतेय का?"

"काय?"

"काही नाही! जेवायला ये म्हटलं, मासा गार झाला!"

पाणबुड्यांना वर्षातून एकदा डॉक्टरकडून तपासून घ्यावं लागतं, नाहीतर पाण्यात उतरू देत नाहीत. त्या वर्षी तपासायला बाहेरगावची एक डॉक्टरीण आली होती. तिने कानात बॅटरी मारली, पुन्हा मारली, आणि समोर बसून मोठ्याने बोलली. कानाच्या आत हाड वाढलंय, म्हणाली. वर्षानुवर्षं गार पाणी कानात शिरत राहिलं की हाड वाढत जातं आणि वाट बुजवतं. डावा जवळजवळ बंद झालाय, उजव्यात फट उरलीय. "पण तुम्ही टोपी घालता ना? टोपीत शिरलेलं पाणी अंगाच्या उबेने गरम राहतं, एवढं व्हायला नको होतं."

फ्लोर्सने मोठ्या ऐटीत पिशवीतून टोपी काढून तिला भोकं दाखवली. "मीच पाडली. इथल्या सगळ्यांची मीच पाडतो."

डॉक्टरिणीने टोपी हातात घेऊन भोकांवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "ही बुजवा. आणि सगळ्यांना सांगा, त्यांनीही बुजवावीत. तुमचं हाड केप टाउनला जाऊन कापून घ्यावं लागेल. तोवर पाणी बंद."

पाणी बंद! म्हणजे काय, हे तिला कुठून कळणार? हिऱ्यांच्या बोटीवरून उतरलेला पाणबुडा धक्क्यावर जाळी उपसतो, नाहीतर बारच्या पायरीवर बसून दुसऱ्याच्या पैशाची पितो. आणि ज्याला अख्खं बंदर कान म्हणतं त्याने कुठल्या तोंडाने सांगायचं की बाबांनो, मी बहिरा झालो? फ्लोर्स केप टाउनला गेला नाही. दोन तासांवर एक म्हातारा डॉक्टर होता, तो माणसाकडे न बघता सही करायचा. हा त्याच्याकडे गेला.

हेस्टरला सगळं कळलं तेव्हा तिने भाकरी भाजायची थांबवून त्याला खांद्यांनी धरून आपल्याकडे फिरवलं. "तुझं तू बघ, मर जाऊन. पण बाकीच्यांना सांग. त्यांच्या बायकांनी काय पाप केलंय?"

"काय सांगू? तुमचे कान मी बुजवले असं सांगू?"

"हो! तेच सांग!"

"सांगतो. जरा दम धर."

त्यानंतर आठवड्याभरात एका नव्या बोटीवरचा पाणबुडा नवी टोपी घेऊन आला. फ्लोर्सने खिळा तापवला. हेस्टर दारात उभी राहून बघत होती, म्हणून त्याने भोकं या वेळी जरा लहान पाडली. अशी ही माणसाची लाज! मला अजून राग येतो त्याचा, इतक्या वर्षांनीसुद्धा.

त्याचा जुना जोडीदार गुडघे गेले म्हणून आपल्या गावी शेळ्या राखायला गेला होता. आता फ्लोर्सला असा जोडीदार हवा होता ज्याचे कान शाबूत असतील. तो हातोडा ऐकेल, खांद्यावर दोन थापा मारेल, मग दोघे वर. त्याने महिनाभर धक्क्यावरची माणसं निरखली आणि सारेल लिंक्सला निवडलं. सारेल त्याच्याहून थोडा लहान, हाडकुळा, अबोल. कुणी बोलायला लागलं की मान एका बाजूला कलती करून, डोळे समोरच्याच्या तोंडावर लावून ऐकायचा. कुणाला दोनदा बोलावं लागलं तर दुसऱ्यांदा मान अजून कलती व्हायची. फ्लोर्सने बघितलं आणि मनात म्हणाला, असं कान देऊन ऐकणारा माणूस मी अख्ख्या बंदरात बघितला नाही. सारेलच्या टोपीलाही फ्लोर्सचीच भोकं होती, दहा वर्षांपूर्वी पाडलेली. त्यावरून याला काहीतरी कळायला हवं होतं. कळलं नाही, कारण कळून घ्यायचं नव्हतं.

विचारलं तेव्हा सारेल चटकन तयार झाला. "तुझ्याबरोबर? मेव्हण्या, आजपासून!"

मेव्हण्या ही आमच्याकडची दोस्तीतली हाक. दोघांच्या बहिणी एकमेकांच्या घरात नव्हत्या, पण जोडी जमली ती सख्ख्या मेव्हण्यांसारखी. तळाशी दोघे कधी हातभर अंतरावर गेले नाहीत. फ्लोर्सचा एक हात पाइपवर, दुसरा सारेलच्या खांद्यावर. सारेलचाही एक हात धोंड्यांत, दुसरा फ्लोर्सच्या दंडावर. नवी नवरी चिकटणार नाही एवढे चिकटून! फ्लोर्सला वाटे, काय जीव लावतो हा माणूस.

रोजचं काम संपलं की वर पंप बंद होई, पाइप हातात मलूल पडे, आणि ते कळायला कान लागत नाहीत. हातोड्याची वेळ वर्षातून थोडक्याच वेळा येते. म्हणून निभत होतं.

एकदा तर गंमतच झाली. दोघे ऐन कामातून अचानक वर आले. तांडेल बारेंड रेलिंगला टेकून सिगारेट ओढत होता. त्याने सिगारेट तोंडातून काढली. "काय रे? जेवणाची घंटा झाली का?"

"तू हातोडा मारलास ना?" फ्लोर्स म्हणाला.

"मी? मी जागचा हललो नाही."

फ्लोर्सने सारेलकडे बघितलं, सारेलने फ्लोर्सकडे. फ्लोर्सला खांद्यावर थाप लागल्यासारखी वाटली होती, म्हणून तो निघाला होता. कुणाच्या कोपराने ढोसलं की एखादा दगड लागला, देव जाणे. दोघेही हसले. आणि बघा नशीब कसं खेळ करतं! अर्ध्या तासात खरंच समुद्र उठला. संध्याकाळी बारमध्ये बारेंड सगळ्यांना सांगत सुटला, की माझे दोघे लाट उठायच्या आधी लाट ऐकतात. सगळ्यांनी फ्लोर्सच्या पाठीवर थापा मारल्या. फ्लोर्सला ठाऊक होतं, आपण काही ऐकलेलं नाही. म्हणजे सारेलने ऐकलं. केवढे तिखट कान! त्याने सारेलचा पेला भरला आणि त्याच्या स्वतःच्या मनावरचा धोंडा उतरला.

त्यानंतर तो केप टाउनचं नावही काढेना. हेस्टर रोज टोकायची, हा म्हणायचा, "सारेल आहे ना."

ज्या दिवशी ते झालं त्या दिवशी सकाळी धुकं होतं आणि समुद्र शांत पडलेला होता. धुकं हटल्यावर बोटी निघाल्या. खडी चांगली लागली होती, पाइपात भारी दगड थडथडताना फ्लोर्सच्या तळहातांना लागत होते. त्याला हल्ली तेवढंच कळायचं. दोघे एका मोठ्या धोंड्याच्या पोटाखालची फट उपसत आत आत शिरत होते, नेहमीसारखे एकमेकांना धरून.

वर बारेंडला बाहेर समुद्र काळा होऊन फुगलेला दिसला. त्याने हातोडा घेतला आणि शिडीवर घातला. थांबला. कुणी वर येईना. पुन्हा घातला. वेड लागल्यासारखा मारत राहिला, शिडीचा दांडा चेपला. मग हातोडा टाकून पंप बंद करायला धावला. पंप बंद झाला तेव्हा लाट बोटीखालून निघून गेली होती.

पाइप मलूल पडला तसा फ्लोर्सने सारेलचा खांदा दाबला. त्याच क्षणी सारेलने याचा दंड दाबला. आणि तळ उलटापालटा झाला. फ्लोर्स फटीबाहेर फेकला गेला, तोंडातली हवा सुटली, नळीला धरून तो कसाबसा वर आला. सारेल आला नाही. त्याला दुसऱ्या दिवशी दुसऱ्या बोटीच्या पाणबुड्यांनी पहार घालून काढला.

डेकवर बारेंड फ्लोर्सच्या तोंडासमोर उभा राहून ओरडत होता. त्याच्या गळ्याच्या शिरा फुगलेल्या फ्लोर्सला दिसत होत्या. काय विचारतोय ते ऐकायची गरज नव्हती. आणि त्या वेळी, सारेल अजून खाली असताना, फ्लोर्स कुपिडो बोलला, "ऐकला मी हातोडा! लगेच त्याच्या खांद्यावर मारलं. तो पाइप सोडेना. खडी चांगली लागली होती, सोडेचना!"

मेलेल्या माणसावर ढकललं. काय म्हणावं याला? तोंडातून एकदा गेलं आणि मग ते मागे घेता येईना. चौकशीला माणूस आला, त्यालाही त्याने तेच सांगितलं. बंदरातही तेच पसरलं. ऊम फ्लोर्सने ऐकलं होतं हो, त्याच्या कानातून काय सुटतंय? सारेलला लोभ नडला. बायका दुकानात हळहळत, बिचारी फिया, नवरा गेला तो गेला, वर नावही घालवून गेला.

फिया म्हणजे सारेलची बायको. मयतीनंतरच्या रविवारी तिच्याकडे लोक बसायला गेले. आमच्याकडे अशा वेळी कॉफी असते, निखाऱ्यांवर भाजलेल्या भाकऱ्या असतात, आणि कुणी फारसं बोलत नाही. फ्लोर्स जायला तयार नव्हता. हेस्टर म्हणाली, "तू गेला नाहीस तर मी एकटी जाईन, आणि मला विचारलं तर मी खोटं बोलणार नाही." म्हणून तो गेला. बारेंड होता, बोटीवरचे सगळे होते, शेजारपाजार होता. फ्लोर्सला खिडकीकडे तोंड करून खुर्ची दिली होती. त्याने मुकाट्याने भाकरीला लोणी लावलं.

फिया स्वयंपाकघरातून कॉफीचं भांडं घेऊन आली आणि त्याच्या खुर्चीच्या मागे थांबली.

"ऊम फ्लोर्स," ती साध्या आवाजात म्हणाली, जसं आपण घरात बोलतो तसं. "माझ्या सारेलने पाइप सोडला नाही, हे खरं का?"

सगळ्यांनी माना वळवल्या. फ्लोर्स भाकरी चावत होता.

"ऊम फ्लोर्स. मी तुम्हाला विचारतेय."

बारेंडने हातातला कप खाली ठेवला. हेस्टरने डोळे मिटून घेतले. फ्लोर्स खिडकीबाहेर बघत होता, त्याने भाकरीचा दुसरा घास घेतला. मग कुणी कॉफी पिईनासं झालंय, हे त्याच्या ध्यानात आलं. त्याने इकडेतिकडे बघितलं तर सगळी खोली त्याच्याकडे बघत होती.

फिया फिरून त्याच्या समोर आली आणि गुडघ्यांवर बसली, तिचं तोंड त्याच्या तोंडासमोर येईल अशी. ती बोलायला लागली. हळू, एकेक शब्द सुटा करून, ओठ पुरते उघडून. अशी बोलायची तिला सवय होती. रोज घरात ती अशीच बोलत आली होती.

"त्याला, ऐकू, येत, नव्हतं."

फ्लोर्सला शब्दन् शब्द कळला.

"दोन वर्षं. कुणाला सांगू नको म्हणाला, बोटीवरून काढतील. तुम्ही बोलावलंत तेव्हा घरी येऊन रडला हो तो, आनंदाने. म्हणाला, आता भीती नाही. फ्लोर्सचा हात माझ्या खांद्यावर असतो. तो दाबेल तेव्हा मी निघेन." तिचे ओठ थरथरायला लागले तशी ती थांबली. पुन्हा नीट बोलता येईल एवढा वेळ थांबली. "तुमच्या एका बोटाची वाट बघत बसलेला माणूस. आणि तुम्ही दाबलंत तरी तो निघाला नाही?"

फ्लोर्सच्या हातातली बशी कलली. भाकरी मांडीवर पडली. स्वतःचा आवाज त्याला कळत नव्हता, म्हणून तो ओरडूनच बोलला. अंगणात उभे होते त्यांनीही ऐकलं, शेजारच्या घरात ऐकलं.

"मी त्याच्या हाताची वाट बघत होतो गं! मला वाटलं त्याला ऐकू येतं!"

कुणी बोललं असतं तरी त्याला ऐकू आलं नसतं. तो एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिला, कुणाचे ओठ हलतात का ते. फियाने त्याच्या हातातली रिकामी बशी काढून घेतली, उठली, आणि त्याला दिसेल असं बोट दाराकडे केलं.